सिस्टरांची गाडी बंद पडत नाही

आमच्या कळमनुरीतल्या वच्छला सिस्टर गाडीत कुणाला बोलू देत नाहीत. गाडी रस्त्याला लागली की एक बोट वर करतात. "गप बसा. इंजिन काय म्हणून राहिलं, ते ऐकू द्या."

सिस्टर माझ्या शेजारी राहतात. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाल्या आणि त्यांनी एका शाळेची जुनी मिनीबस विकत घेतली. गाडी चालवायला त्या नोकरीतच ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरकडून शिकल्या होत्या. बसमधली बाकडी काढून लोखंडी पलंग टाकला, गॅसची शेगडी बसवली, जुन्या लुगड्याचे पडदे लावले. लोकांना वाटलं, बाई आता देश बघायला निघणार.

सिस्टर जायच्या फक्त एकाच गावाला.

रोज सकाळी बॉनेट उघडं. ऑइलची पट्टी पुसून दोनदा बघायची, मग रेडिएटरचं पाणी. रबरी नळ्या तर त्या नाडी बघावी तशा चिमटीत धरायच्या. मेकॅनिक वैतागायचा.

"सिस्टर, हा बेल्ट चांगला हाय अजून."

"चांगला हाय तवरच बदलायचा. तुटल्यावर कुणीबी बदलंल."

एकदा मी विचारलं, "गाडीचं एवढं काहून करता?"

"तिथं बंद पडली तं तिच्या दारात मुक्काम करावा लागंल."

ती म्हणजे धाकटी बहीण धुरपता. गोरेगावला एकटीच असते, शेळ्या पाळते. आई अंथरुणावर होती तेव्हा सगळं धुरपतानं केलं. सिस्टरांची ड्युटी सुटली नाही, शेवटालाही त्या पोचल्या नाहीत. आईच्या जलदान विधीच्या दिवशी धुरपता चारचौघांत म्हणाली, "माझ्या घरात पाय ठेवू नको."

सिस्टरांनी ते शब्दशः पाळलं. तिच्या घरात पाय ठेवला नाही. स्वतःचं घरच नेऊन तिच्या दारात उभं करू लागल्या.

गेल्या उन्हाळ्यात मीही सोबत गेले. सेनगावच्या अलीकडे थांबून त्यांनी इंजिन निवू दिलं. गोरेगावला धुरपताच्या दारापुढं लिंबाखाली गाडी लावली आणि आतच खिचडी टाकली. धुरपता ओसरीत बसून शेळ्यांना पाला घालत होती. दोघींचं बोलणं अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललं होतं.

"काळी व्याली काय?"

"व्याली. दोन पिल्लं हायेत."

"खोकून काहून राहिलीस?"

"धूळ हाय."

उन्हं कलली तशी सिस्टरांनी भांडी आवरली. आम्ही गाडीत बसलो. धुरपता उठली, पण भिंतीचा आधार घेऊन. पोलकं अंगावर लोंबत होतं. सिस्टर काचेतून बघत राहिल्या. त्यांनी चावी लावली. हात चावीवरच राहिला. चावी काही फिरवली नाही. मी शेजारीच बसले होते.

त्या खाली उतरल्या.

"धुरपता, गाडी चालू व्हयना."

धुरपतानं गाडीकडं पाहिलं. मग बहिणीकडं.

"मग बाहेर काहून उभी? आत ये. चहा टाकते."

सिस्टरांनी उंबऱ्याबाहेर चपला काढल्या, नीट जोडून ठेवल्या. क्षणभर दाराची चौकट धरून थांबल्या. मग मागं वळून मला म्हणाल्या, "तुमी फाट्यावरून जीपनं निघा. पार्ट मिळायला चार-आठ दिवस लागतील."

कोणता पार्ट, ते धुरपतानंही विचारलं नाही.