दिपोटी साहेबांचा वाटा

दाजी चोपडेकरांना देवबागच्या शाळा समितीवर घेतलं आणि गावाच्या जिवाला घोर लागला. दाजींच्या नव्हे हं! जन्मभर होडीवर तांडेलकी करून खलाशांना हाकलेला माणूस तो.

"शाळेची काळजी कित्याक करतास? मी आसंय मरे!"

काळजीचं कारण साधं होतं. वर्ग मधूनच ओस पडतो, अशी कुणीतरी बोर्डाकडे कागाळी केली होती. तपासणीला दिपोटी साहेब येणार. वर्ग रिकामा दिसला की शाळा बंद! मग पोरांनी वाळू तुडवत पुढच्या गावी जायचं. पोरी तर घरीच बसायच्या, आणि त्यांत दाजींची लाडकी नात सुगंधाही.

त्या सकाळी दाजींनी घरोघर फिरून पोरं गोळा केली आणि स्वतः दारात ठाण मांडलं.

"जागचो हललो, त्येचा तंगडा मोडून ठेयन!"

साहेब आले. वर्ग गच्च! मास्तरांचा जीव भांड्यात पडला. साहेबांनी पहिला प्रश्न विचारला मात्र, किनाऱ्यावरून आरोळी उठली.

"इलो रे इलो! बांगडो इलो!"

रापणीची, किनाऱ्यावरून जाळं ओढायची हाक! अहो, ती कानावर पडल्यावर देवबागात बसून राहील तो माणूस कसला? एक जण पहिल्या झटक्याला उठला आणि धोतर खोचून सुटला.

कोण? दाजी! दुसरं कोण?

समितीच धावली म्हणताना पोरं कशाला थांबतात? पोरांना अडवायला मास्तर धावले. वर्गात उरले साहेब आणि फळा.

साहेब तणतणत किनाऱ्यावर पोचले. तिथं अख्खा गाव दोराला लागलेला. रापणीवर हात बांधून कुणी उभं राहत नाही. मासळीवाली जानकी कडाडली, "ओ पाटलोणवाले! बघतास काय? हात लावा!"

तिच्यापुढे साहेबांचं काय चालणार? बूट काढून बिचारे ओढायला लागले.

जाळं आलं, ढीग पडले. त्यातला एक दाजींनी साहेबांच्या पायाशी ओतला.

"हे काय? मला लाच देता?" साहेब ओरडले.

वाटा कमी पडला असं वाटून दाजींनी वर एक सुरमई ठेवली!

"अहो, ही तर मोठी लाच!"

"लाच खंयची ओ!" जानकी म्हणाली. "दोराक हात लावलो त्येका वाटो. तुमच्या घामाचो आसा तो!"

साहेबांनी कपाळावरचा घाम पुसला. मग म्हणाले, "पण वर्ग रिकामा. मी लिहू काय?"

दाजींचा चेहरा पडला. सुगंधा रडवेली होऊन म्हणाली, "आजोबा, तूच पयलो धावलंस!"

साहेबांची नजर मात्र दोरावरच्या पोरांवर होती.

"मास्तर, ही एवढी मुलं मघाशी वर्गात नव्हती!"

"गावचीच, साहेब. पण बसवू कुठं? खोली एक, इयत्ता चार आणि मी एकटा."

साहेबांनी बूट झाडले. "शाळा बंद नाही व्हायची. दुसरा मास्तर पाठवतो, खोलीचंही बघतो. सोमवारपासून सगळी मुलं वर्गात हवीत!"

दाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी साहेबांचे पायच धरले. "साहेबानू, तुमचे उपकार जन्मात इसरुचंय नाय!"

"माझे कसले? तुम्ही तर शाळा बुडवलीच होती! आभार मानायचे तर त्या बांगड्यांचे माना."

दाजी सरळ माणूस. त्यांनी ढिगाला मनोभावे हात जोडले. मग दुपारी, ज्यांचे आभार मानले त्यांचंच तिखलं दोनदा वाढून घेतलं.