अक्काचं हॉटेल चालू आहे

रविवारी सकाळी दोन निवृत्त ट्रक ड्रायव्हर एका अनोळखी घरात शिरले, बाकावर ऐसपैस बसले आणि त्यांनी दोन ऑम्लेटं सांगितली. यात त्यांचा हेतू वाईट नव्हता. घर चुकलं असंही म्हणता येणार नाही, कारण घर तेच होतं. फक्त मधल्या काळात तिथलं हॉटेल बंद पडलं होतं आणि ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचली नव्हती.

या दोघांपैकी एकाला सगळे ‘दमानं’ म्हणत. उभ्या आयुष्यात गाडी घाटात असो की गोदामाच्या दारात, त्याच्या तोंडी एकच शब्द असायचा, तोच पुढे त्याला चिकटला. दुसरा भोंगा. तो कानात काही सांगायला वाकला तरी शेजारच्या गाडीतला माणूस मान वळवायचा. दोघांनी जुन्या हमरस्त्यावर वर्षानुवर्षं एकच ट्रक आळीपाळीने चालवला होता. मग नवा रुंद रस्ता झाला, सगळी वाहतूक तिकडे गेली, आणि हे दोघंही त्याच सुमारास घरी बसले.

गेल्या हिवाळ्यात दमानं चांगलाच आजारी पडला. त्यातून उठला तो एकच धोशा घेऊन, की अक्काला भेटायचं. अक्का म्हणजे जुन्या रस्त्यावर हॉटेल चालवणारी बाई. का भेटायचं ते तो नीट सांगेना. बायकोने महिनाभर ऐकून घेतलं आणि शेवटी मुलीच्या छोट्या गाडीची किल्ली त्याच्या हातात ठेवून म्हणाली, “जा एकदाचे. पण नव्या रस्त्याने जा.”

अर्थातच ते जुन्या रस्त्याने गेले. वाटेत दोघांचं एकमत कशावरच होईना, कारण भोंग्याला प्रत्येक हॉटेल तिथल्या खाण्यावरून आठवत होतं आणि दमानंला तिथे ट्रक वळवायला जागा होती की नाही यावरून. पुलाजवळचा मालक ठार बहिरा होता. त्याला जेवण सांगा, पाणी सांगा, यायचा चहाच. पेट्रोलपंपाशेजारच्या हॉटेलात एकच आरसा होता, तोही तडा गेलेला. तिथे दाढी करून निघालेल्या ड्रायव्हरला पुढच्या सगळ्या हॉटेलांत ओळखायचे, डाव्या गालावर राहिलेल्या पट्ट्यावरून. आता पूल होता, पंप गंजून उभा होता, हॉटेलं नव्हती. एकेक बंद दार मागे पडत गेलं तसतसा भोंग्याचाही आवाज उतरत गेला.

आणि वळणावर अक्काचं घर दिसलं. पुढचा पत्र्याचा मांडव तोच. दार सताड उघडं. आत लांब टेबलं आणि बाकं.

“चालू आहे रे,” दमानं म्हणाला, आणि त्याला गाडी बंद करायचंही भान राहिलं नाही. ती भोंग्याने केली.

हे घर आता एका शिकवणी घेणाऱ्या बाईंचं होतं. टेबलं-बाकं मुलांसाठी होती. भिंतीवर फळा होता आणि त्यावर ‘शांतता राखा’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. ते आपल्यालाच उद्देशून आहे असं भोंग्याला वाटलं आणि हॉटेलबद्दलची त्याची उरलीसुरली शंका फिटली. अक्का दिसत नव्हती, पण ती आत असेल, सावकाश विचारू, असं दमानंने ठरवलं.

बाईंनी त्यांना हाकललं का नाही, हे समजायला आदल्या आठवड्याचं भांडण माहीत हवं. बाईंचे यजमान विमा कंपनीत होते आणि त्यांचा गोतावळा अफाट होता. कुठलासा चुलत-मावसकाका न कळवता आला, तेव्हा बाईंनी त्याला नुसतं पाणी विचारलं, असं यजमानांचं म्हणणं होतं. यावर बाईंनी विचारलं होतं, की माझ्याकडची माणसं आल्यावर तुम्ही वर्तमानपत्राच्या वर कधी डोकं काढता का? तेव्हापासून दोघांत कामापुरतं बोलणं होतं. त्यामुळे दोन म्हातारे हक्काने आत येऊन बसले आणि “काय ताई, काय गरम आहे?” असं विचारते झाले, तेव्हा बाईंनी ओळखलं, की सासरचे आले. या खेपेला बोलायला जागाच ठेवायची नाही असं ठरवून त्यांनी पदर खोचला.

ऑम्लेटं आली. भोंग्याने आपलं परत पाठवलं, कडा जरा करपू दे म्हणून. बाईंनी दात-ओठ खात कडा करपवल्या. मग चहा झाला, आणखी पाव झाले, पुन्हा चहा झाला. या वेळी जास्त कडक. इतक्यात यजमान बाजारातून आले. आपली बायको दोन परक्या माणसांना इतक्या प्रेमाने वाढते आहे हे पाहून ते पिशवी घेऊन दारातच थबकले. असं प्रेम माहेरच्याच वाट्याला येतं, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं. त्यांनी वर्तमानपत्र घडी घालून कपाटावर टाकलं आणि खुर्ची ओढून म्हणाले, “काका, सावकाश होऊ द्या. प्रवास कसा झाला?”

मालक स्वतः येऊन चौकशी करतो म्हटल्यावर भोंगा खुलला. त्याने अंग धुवायला पाणी मागितलं. पूर्वी ड्रायव्हर लोकांना मागे बादली मिळायची. यजमानांनी पाणी तापवून दिलं, स्वतःचा टॉवेल दिला, वर इस्त्रीचा पायजमा दिला. आंघोळ झाल्यावर भोंग्याने आडवं व्हायला खाट कुठे आहे ते विचारलं आणि दाखवलेल्या दिशेने जाऊन तो सरळ नवरा-बायकोच्या पलंगावर झोपला.

स्वयंपाकघरात दोघं समोरासमोर आले.

“माणसं अगदी मोकळी आहेत,” यजमान म्हणाले.

“मोकळीच आहेत,” बाई म्हणाल्या.

आपल्या माणसांचं कौतुक झालं म्हणून समोरच्याला बरं वाटावं, असं प्रत्येकाला वाटलं, आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर तसं काही दिसेना म्हणून प्रत्येकाला थोडं वाईटही वाटलं.

बाहेर दमानं उठून उभा राहिला होता. त्याने खिशात हात घातला आणि विचारलं, किती झाले. बाईंचा चेहरा पडला. एवढं करूनही हा टोमणा. यजमान घाईने पुढे झाले.

“काका, घरच्या माणसाकडून कुणी पैसे घेतं का?”

दमानंचा हात खिशातच राहिला. “तुम्ही ओळखलंत मला?”

“न ओळखायला काय झालं?” यजमान म्हणाले. त्यांनी या माणसाला आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं.

दमानं पुन्हा बाकावर बसला. ज्यासाठी आला होता ते त्याने सगळं सांगितलं. एकदा भोंगा आजारी असल्याने तो एकटाच ट्रक घेऊन निघाला होता. माल वेळेवर पोचवायच्या नादात झोपेचं नाव नव्हतं. असाच एका सकाळी तो इथे चहाला थांबला. चहा पिऊन उठला तर किल्ली सापडेना. टेबलाखाली शोधली, अंगणात शोधली. अक्काही मदतीला लागली. शोधताशोधता जरा बसला तो इथेच टेबलावर डोकं ठेवून झोपला. संध्याकाळी जाग आली तेव्हा अक्काने पिठाच्या डब्यातून किल्ली काढून त्याच्यापुढे ठेवली. तो खूप चिडला. रस्त्याला लागल्यावर मात्र त्याच्या लक्षात आलं, की सकाळी आपण नदीचा पूल ओलांडून आलो हे आपल्याला आठवतच नाही. पूल नाही, त्याआधीचा घाटही नाही.

“पुढं कितीदा तरी आलो इथं,” तो बाईंना म्हणाला. “पण हे बोललो नाही. म्हटलं, बोलू कधीतरी. तुम्ही अक्काच्या लेक असाल. म्हणून तुम्हाला सांगतो.”

बाईंनी यजमानांकडे वळून हळूच विचारलं, “अहो, हे तुमच्याकडचे नाहीत?”

“माझ्याकडचे? मला वाटलं तुझ्या...”

बाईंनी दमानंला समजावून सांगितलं, की हॉटेल केव्हाच बंद झालं, अक्का मुलीकडे शहरात राहायला गेली आणि हे घर तिच्याकडूनच त्यांनी घेतलं. ज्या माणसाला अरुंद पुलावर समोरून गाडी आली तरी घाम फुटत नसे, त्याला आता दरदरून घाम फुटला. आतल्या खोलीतून घोरणं ऐकू येत होतं. यजमानांच्या पलंगावर, यजमानांच्याच पायजम्यात. दमानंने हात जोडले, मग भोंग्याला उठवायला धावला. भोंगा या कुशीवरून त्या कुशीवर झाला आणि झोपेतच त्याने आणखी एक चहा सांगितला.

त्यावर आधी बाईंना हसू फुटलं, मग यजमानांना. हसता हसता त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि आठवड्याचा अबोला कधी मिटला ते दोघांनाही कळलं नाही. दमानं पुन्हापुन्हा माफी मागत होता. बाईंनी त्याला थांबवलं.

“खरं सांगू का काका, नात्यातले समजलो म्हणून एवढं केलं. नाहीतर दारातूनच परत गेला असता. बसा आता. अक्कांचा फोन नंबर आहे माझ्याकडे.”

फोन लागला. अक्काचा आवाज म्हातारा झाला होता, पण जरब तीच होती. दमानंने नाव सांगितलं, ट्रकचा रंग सांगितला, किल्लीची हकिगत सांगितली.

“अरे बाबा, अशा कितीजणांच्या लपवल्या,” अक्का म्हणाली. “डोळे लाल दिसले की किल्ली पिठात. कुणाकुणाचं ध्यानात ठेवू?”

“तुम्ही जीव वाचवलात माझा.”

“वाचला ना? मग झालं. जेवलास का?”

दमानं नुसताच हं म्हणाला. इतकी वर्षं ही गोष्ट आपल्या एकट्याची आहे असं तो धरून चालला होता. आता त्याला त्या रस्त्यावरचे ओळखीचे सगळे लाल डोळे आठवू लागले.

“थांब,” अक्का एकदम म्हणाली. “तुम्ही दोघं असायचात का? एक हळू बोलणारा, एक बोंबलणारा? मग आठवलात. माझा बिडाचा तवा तुम्हीच नेलात. तुम्ही गेलात आणि तवा गेला.”

दमानंने कुणाचा चमचाही कधी उचलला नव्हता. तसं सांगायला त्याने तोंड उघडलं. पण ज्या बाईने आपल्याला जिवंत घरी पाठवलं तिने एका तव्याचा आळ घेतला तर घेऊ दे, असं त्याच्या मनात आलं.

“हो अक्का,” तो म्हणाला. “मीच नेला.”

“तर आणून दे. इथं पोरीकडं सगळे पातळ तवे आहेत, चिकटतं मेलं. पुढच्या रविवारी ये.”

दुपारी बाईंनी पुन्हा चहा केल्याशिवाय त्यांना सोडलं नाही. अक्कांकडून परत येताना पुन्हा चहाला थांबा, असं यजमानांनी दोनदा सांगितलं.

परतीच्या वाटेवर दमानं भलताच खुशीत होता. झोपेत गेलेला सगळा भाग त्याने भोंग्याला हसत हसत सांगितला. नसत्या चोरीचा आळ कसा अंगावर घेतला, आता बाजारात जुना बिडाचा तवा कसा धुंडाळावा लागणार आणि अक्काला तो आपलाच कसा वाटायला हवा, हेही सांगितलं. भोंगा काही बोलला नाही. गंजका पंप गेला, पूल गेला, तरी तो बोलला नाही. दमानंने काळजीने गाडी कडेला घेतली आणि बरं वाटत नाही का, असं विचारलं.

“धुंडाळू नकोस,” भोंगा म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक होता की दमानंला वाकून ऐकावं लागलं. “अजून चिकटत नाही रे त्याला काही.”