डाव्या बुटाचा खालचा दात

त्या रविवारी दुपारी हेडक्लार्कनी कानस हातात घेतली ती निव्वळ प्रेमापोटी, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण पुढे त्यांच्या बाजूने बोलण्यासारखं फारसं काही उरत नाही.

ते पाणीपुरवठा खात्यात हेडक्लार्क होते. त्यांची बायको शाळेत भूगोल शिकवायची आणि तिला सगळे जण बाई म्हणायचे. वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी बाईंनी बर्फावरचं स्केटिंग शिकायला घेतलं, तेव्हा हेडक्लार्कनी त्यांना दोन महिन्यांची मुदत दिली होती. (मनातल्या मनात. तोंडावर मुदत देण्याची त्यांची छाती नव्हती.) त्याला आता पाच वर्षं होऊन गेली होती. बाई पुढे जात होत्या, मागे जात होत्या, आणि अलीकडे एका पायावर उभ्या राहून स्वतःभोवती चार-चार फेरे घेत होत्या. पाच आठवड्यांनी त्यांची परीक्षा होती. डाव्या पायावर, एकाच जागी, तीन फेरे.

अशात त्यांचे जुने ब्लेड झिजून संपले आणि नवे आले.

या ब्लेडला पुढच्या टोकाशी करवतीसारखे दात असतात. जुन्या ब्लेडचे दात लहान आणि बोथट होते. नव्याचे कुत्र्याच्या पिल्लाच्या दातांसारखे टोकदार, आणि त्यातला सगळ्यात खालचा तर चांगलाच पुढे आलेला. पहिल्याच दिवशी डाव्या बुटाचा तो दात बर्फात रुतला आणि बाई पोटावर आडव्या झाल्या. तशाच घसरत गेल्या त्या एका सहा वर्षांच्या मुलीच्या पायाशी जाऊन थांबल्या.

"आजी, लागलं का?" मुलीने विचारलं.

लागलं नव्हतं. पण 'आजी' हा शब्द बाई घरी येईपर्यंत चघळत होत्या.

त्यांचे कोच सव्वीस वर्षांचे, काडीसारखे, पण बाई त्यांना सर म्हणायच्या. सर म्हणाले होते, "नव्या ब्लेडची सवय व्हायला दहा-बारा तास जातातच. घाई करू नका."

घाई बाईंनी केलीच नाही. ती हेडक्लार्कनी केली.

बायकोच्या गुडघ्यावरचा निळा डाग त्यांना बघवेना. शिवाय घरातल्या दुरुस्त्या आपल्याला जमतात असा त्यांचा एक जुना समज होता. (त्यांनी तासलेलं न्हाणीघराचं दार तेव्हापासून लागत नाही, आत गेलेला माणूस गाणं म्हणतो.) बाई बहिणीकडे गेल्या होत्या. कॉलेजातली लेक कानात इयरफोनची बोंडं घालून पडली होती. हेडक्लार्कनी गॅलरीत बूट गुडघ्यांत धरला आणि वीस मिनिटं कानस चालवली. काम इतकं सफाईदार झालं की तिथे कधी दात होता असं कुणी म्हटलं नसतं. उजव्या बुटाला त्यांनी हात लावला नाही. गुन्हा डाव्याचा होता.

बोलले मात्र काही नाहीत. बाई आता अडखळायच्या थांबतील, नवल करतील, आणि मग आपण सहज सांगू, असा त्यांचा बेत होता.

बाई अडखळायच्या थांबल्या, हे खरं. पण त्यांचा फेराच बिघडला. एक फेरा जागेवर, दुसरा हातभर पलीकडे, तिसरा आणखी पलीकडे, असं करत त्या फिरत फिरत थेट कडेच्या कठड्याला जाऊन भिडायच्या. नीट घेतलेल्या फेऱ्यांच्या खुणा बर्फावर एकावर एक बसतात, बांगड्या रचून ठेवाव्यात तशा. बाईंच्या खुणा टेलिफोनच्या वेटोळ्या वायरीसारख्या लांबत गेलेल्या.

"नवीन ब्लेड आहे," सर म्हणाले. "होईल."

आठवडा गेला. झालं नाही. मग सरांनी एकेक गोष्ट तपासायला घेतली. खांदे वाकडे पडतायत का? हात फार लवकर आवळताय का? नजर खाली जातेय का? बाईंनी सगळं सुधारलं आणि सुधारलेल्या खांद्यांनी, सुधारलेल्या नजरेने कठड्यावर आदळल्या.

दुसऱ्या शनिवारी हेडक्लार्क बाकावर बसून थर्मासमधली कॉफी पीत होते. समोरच सर बाईंना समजावत होते, "तुम्ही टाचेकडे रेलताय, बाई. सगळा भार पुढे हवा. आणि तो सगळ्यात खालचा दात आहे ना, तो बर्फाला जेमतेम लागला पाहिजे. फेऱ्याचा सगळा तोल त्याच्यावर. तो नसेल तर माणूस भरकटेल नाही तर काय होईल?"

कॉफी हेडक्लार्कच्या नाकातून आली.

"अहो, काय झालं?" बाईंनी बर्फावरून विचारलं.

"गरम आहे," हेडक्लार्क म्हणाले. खरं तर सांगण्याची वेळ हीच होती. पण आजूबाजूला दहा-बारा पोरं होती, त्यांच्या आया होत्या, आणि हेडक्लार्कना वाटलं, घरी सांगू. घरी वाटलं, जेवण झाल्यावर सांगू. जेवण झाल्यावर बाई आरशासमोर उभ्या राहून आपली पाठ बघत होत्या, तेव्हा तर तोंडच उघडेना.

सोमवारी 'धार लावून आणतो' असं सांगून ते बूट घेऊन धारवाल्याकडे गेले. धारवाल्याने डोळ्याला भिंग लावलं आणि बराच वेळ काढलं नाही.

"हा दात कुणी घासला?"

"शेजाऱ्याने."

"तुमच्या घरी येऊन?"

"म्हणजे... तो जरा तसाच आहे."

"काम सुबक केलंय हो. माती केली, पण सुबक."

"परत लावता येईल का?"

"पोलाद आहे साहेब, नख नव्हे, वाढायला." धारवाल्याने बूट पुढे सरकवला. "नवी जोडी मागवा. आणि शेजाऱ्याला म्हणावं, घरच्यांना सांगून टाक. ही गोष्ट लपत नसते."

लपली मात्र छान. सर लांबून बघायचे आणि ब्लेडला बर्फ चिकटलेलं असायचं. बाई ब्लेड रोज पुसायच्या, पण जवळचा चष्मा घरी ठेवून. हेडक्लार्कनी गुपचूप नवी जोडी मागवली. ती यायला दोन-तीन आठवडे लागणार होते. तोवर त्यांनी दुसरा मार्ग धरला. ते चांगले वागू लागले.

रोज संध्याकाळी गरम पाण्याची पिशवी. भांडी त्यांनी घासायची. बाईंच्या पोटऱ्यांना तेल. एकदा तर त्यांनी सहामाहीचे चाळीस नकाशे तपासून दिले. (वाळवंटाला समुद्र समजून तिघांना नापास केलं, ते बाईंनी नंतर दुरुस्त केलं.) बाई फोनवर बहिणीला सांगायच्या, "ताई, खरं सांगू, इतक्या वर्षांत हे असे कधी वागले नव्हते. माझं अपयश माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त लागलंय." शेजारच्या खोलीत भांडी पुसणाऱ्या हेडक्लार्कच्या कानाच्या पाळ्या तापायच्या. कौतुकाचा एकेक शब्द त्यांना थोबाडीत बसल्यासारखा वाटायचा.

"बाबा, तुम्ही काही केलंय का?" लेकीने एकदा विचारलं.

"मी? काय करणार?"

"नाही, आईचा चहा आज तुम्ही गाळून नेलात, म्हणून विचारलं."

तिसऱ्या आठवड्यात बाईंनी कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली. तोल कानात असतो म्हणतात. डॉक्टरांनी बाईंना फिरत्या खुर्चीत बसवून गरगरा फिरवलं, डोळ्यांत उजेड टाकला, सरळ रेषेवर चालवलं. बाई तारेवर चालावं तशा चालल्या.

"कान उत्तम आहेत," डॉक्टर म्हणाले. "घरात काही ताण आहे का?"

"छे हो," बाई म्हणाल्या. "असा नवरा असताना कसला ताण!"

डॉक्टरांनी हेडक्लार्ककडे पाहिलं. "यांचा चेहरा असा का झालाय? यांना चक्कर येते का?"

"नाही," हेडक्लार्क म्हणाले, आणि त्यांना खुर्चीत बसवून बी.पी. तपासण्यात आला. तो इतका वाढलेला निघाला की बाईंनी परतीच्या वाटेवर त्यांचा हात धरला.

पुढच्या शनिवारी तिसऱ्यांदा कठड्याला धडकल्यावर बाई बाहेर आल्या. बाकावर बसल्या, लेस सोडल्या, ब्लेड पुसत राहिल्या. नंतर हळू आवाजात म्हणाल्या, "मी सरांना सांगते, माझं नाव काढून टाका. वय झालं हो. ती पोर उगाच आजी म्हणाली नाही. वीस वर्षं मुलांना सांगतेय, पृथ्वी स्वतःभोवती कशी फिरते. मला तीन फेरे येत नाहीत."

हेडक्लार्कनी थर्मास मांडीवर घेतला.

"दात मी कापला," ते म्हणाले.

"कुठला दात?"

"खालचा. डावा."

"अहो, मग डॉक्टरांकडे का नाही गेलात? दुखतोय का?"

"माझा नाही. तुझा."

बाईंनी जबड्याला हात लावून पाहिलं. "माझे सगळे आहेत."

"बुटाचा," हेडक्लार्क म्हणाले. "तू पडलीस त्या रविवारी. कानशीने. तुला लागू नये म्हणून."

बाईंनी बूट उचलून डोळ्यांपासून हातभर लांब धरला. मग दुसरा धरला. दोन्हींकडे आळीपाळीने बघत राहिल्या. हेडक्लार्क ओरडा खायला तयार होते. ओरडा आला असता तर त्यांना बरंच वाटलं असतं.

"दाताचं जाऊ दे," बाई शेवटी म्हणाल्या. "तुम्हाला कधी कळलं?"

"कॉफी नाकातून आली तेव्हा."

"म्हणजे दोन आठवडे झाले. दोन आठवडे मी आरशात स्वतःची पाठ बघतेय. मला वाटलं, संपलं आपलं. आणि तुम्ही समोर बसून माझ्या पायाला तेल चोळत होता."

हेडक्लार्कनी थर्मासचं झाकण घट्ट केलं. ते आधीच घट्ट होतं.

बाई उठल्या, मोज्यांवरच कठड्यापाशी गेल्या आणि शाळेत मागच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात म्हणाल्या, "सर! माझे खांदे, कान, वय, सगळं ठीक आहे. ह्यांनी ब्लेडचा दात घासून टाकलाय!"

सर आले. त्यांनी बूट पाहिला आणि डोक्यावरची टोपी काढली. पोरं जमली, पोरांच्या आया जमल्या. प्रत्येकीने तो गुळगुळीत भाग बोटाने चाचपून पाहिला आणि मग हेडक्लार्ककडे पाहिलं. एक आई तिला न्यायला आलेल्या नवऱ्याला नुसतं एवढंच म्हणाली, "बघितलंत?" त्या बिचाऱ्याने काहीच केलं नव्हतं, तरी तो मान खाली घालून उभा राहिला.

चार दिवस बाई हेडक्लार्कशी लेकीमार्फत बोलल्या. "तुझ्या बाबांना सांग, मीठ द्या." लेक सांगायची, वर स्वतःचं एक वाक्य जोडायची. पाचव्या दिवशी नवी जोडी आली. बाईंनी खोका स्वतः उघडला, तोही खोलीला आतून कडी लावून, आणि त्या दिवशी हेडक्लार्कना पहिलं सरळ वाक्य ऐकायला मिळालं, "कानस द्या इकडे." ती त्यांनी लगेच दिली. पुन्हा कधी पाहिली नाही.

परीक्षा महिनाभर पुढे ढकलली गेली. पुन्हा दहा-बारा तास सवयीचे गेले, बाई पुन्हा दोनदा पोटावर पडल्या, आणि दोन्ही वेळा हेडक्लार्क हात मांड्यांखाली दाबून बाकावर बसून राहिले. परीक्षेच्या दिवशी बाई बर्फाच्या मधोमध गेल्या, डाव्या पायावर उभ्या राहिल्या आणि फिरल्या. तीन नव्हे, पाच फेरे. त्या बाजूला सरल्या तेव्हा बर्फावर बशीएवढी खूण होती, एकावर एक बसलेली. हेडक्लार्कना टाळ्या वाजवायच्या होत्या, पण आपल्याला तो अधिकार उरलाय की नाही हे ठरेना. म्हणून त्यांनी त्या अगदी हळू वाजवल्या.

निकाल झाल्यावर परीक्षकबाई कौतुक करायला बाकापाशी आल्या. पांढऱ्या केसांच्या, ताठ, खांद्याला स्वतःच्या स्केटची पिशवी.

"फार सुरेख," त्या म्हणाल्या. "इतका स्थिर फेरा बऱ्याच दिवसांनी पाहिला."

"आणि हे आमचे मिस्टर," बाईंनी ओळख करून दिली. आवाजात थोडा जुना गोडवा परत आला होता. हेडक्लार्क सुखावले, टाय सारखा करून पुढे झाले.

"अच्छा, हे होय ते!" परीक्षकबाई प्रसन्न हसल्या, आणि हसता हसताच त्यांनी आपली पिशवी हेडक्लार्कच्या बाजूच्या खांद्यावरून काढून पलीकडच्या खांद्याला लावली.