खंडारेबाबूंचे अर्ज

खंडारेबाबू तोंडानं काही मागत नाहीत, अर्ज करतात. दारव्ह्याच्या आमच्या ऑफिसात आवक-जावक सांभाळता सांभाळता त्या टेबलानं माणूस पार गिळलाय. मेसची पोळी कडक निघाली, तर मेसवाल्याला चिठ्ठी, 'विषय: पोळीबाबत'. एकदा त्यांची छत्री माझ्याकडे राहिली, तर शेजारच्या खुर्चीवरून मला लेखी स्मरणपत्र आलं! "बोललेलं हवेत जाते साहेब, कागद राह्यते," हे त्यांचं पालुपद.

सहा वर्षं इथं एकटे काढल्यावर गेल्या साली त्यांनी बायको आणि मुलीला फुलसावंगीहून आणायचं ठरवलं. कापसाच्या एका व्यापाऱ्याची खोली घेतली आणि हौसेनं वर्षाचं भाडं एकदम भरलं. खोली कसली, सोयाबीनच्या गोदामाचा मागचा कोपरा! नळाला पाणी नाही, भिंतीला भेगा आणि भेगांत विंचू. वहिनी आल्या, मुलीच्या चपलेतून विंचू निघालेला पाहिला आणि दुसऱ्या दिवशीच्या एसटीनं माहेरी, फुलसावंगीला परत. बाबूंनीही महिन्याभरात खोली सोडून स्टँडमागं खाटेपुरती जागा धरली.

तेव्हापासून ऑफिसात कोणी विचारलं, "काहो बाबू, वहिनी कधी येतीन?" की उत्तर तयार.

"शेटजीकडं भाडं अडकलं ना! ते सुटलं की चांगलं घर पाहतो. मंग आल्याच समजा."

मागणी अर्थात लेखी. अकरा अर्ज झाले. तिसऱ्याला त्यांनी मेलेला विंचू सेलोटेपनं चिकटवला आणि खाली लिहिलं, 'सहपत्र: विंचू, नग एक (मृत)'. शेटजी दर वेळी पोच म्हणून सही करत, चहा पाजत आणि कागद गादीखाली सारत. बाबू ती पोच आम्हाला अशा थाटात दाखवत की जणू पैसेच मिळाले.

शेवटी माझं डोकं फिरलं. बाराव्या अर्जाला मी सोबत गेलो. बाबूंनी कागद पुढं केला, शेटजींनी पेन काढलं. मी म्हटलं, "शेटजी, सही राहू द्या. यांचे उरलेल्या महिन्यांचे पैसे वापस करा."

"पैसे पायजेत का यांले?" शेटजी बघतच राहिले. "मले कुठं वाचता येते भाऊ! मले वाटलं, सरकारी कागद हायेत. विंचू पाहून म्हटलं, फवारणीवाले येत असतीन!"

खरं की सोंग, देव जाणे. पण शेटजींनी पैसे दिले.

मला वाटलं, बाबू आता पेढे वाटतील. ते तर बाहेर येऊन पायरीवरच बसले. नोटा न मोजताच खिशात कोंबल्या.

"चला, घर पाहू," मी म्हणालो. "आमच्या गल्लीत एक रिकामं हाय. नळ दारातच."

"कोणासाठी पाहू?"

"म्हणजे?"

"जूनमंधीच तिनं पोरीचं नाव तिकडल्या शाळेत टाकलं. फोनवर म्हणे, घर चांगलं भेटलं तरी आमची वाट पाहू नोका."

"अहो, मग एवढे अर्ज कायले केले?"

"लोक रोज इचारतात ना साहेब. भाडं अडकलं, असं सांगता येत होतं." त्यांनी माझा हात घट्ट धरला. "पैसे भेटले म्हून ऑफिसात सांगू नोका."

मोठा शहाणपणा करायला गेलो आणि या माणसाजवळ होतं नव्हतं तेही काढून घेतलं. लई वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी डबे उघडले आणि कोणीतरी विचारलंच, "काय बाबू, वहिनी कधी येतात?"

बाबूंचा घास हातातच राहिला. मीच बोललो, "कुठून येतीन? शेटजी लई खट माणूस हाय. काल मी सोबत गेलतो, मलेही चहा पाजून वापस धाडलं."