नदीदरबाराच्या जाड अक्षरांची हकीगत

श्री जळदेवता प्रसन्न असो. रुष्ट असेल तर बोल आमचाच. शके सोळाशे अठ्ठ्याण्णव, दुर्मुखनाम संवत्सर, ते वर्षी एके राज्यी नदीच्या रक्षणार्थ दरबार स्थापन झाला, आणि दरबारास आपला शिक्का व अक्षर पाहिजे म्हणून सटवोजी चितारी यांस पाचारण केले. सटवोजींनी अपूर्व युक्ती काढिली जे, अक्षर कायम एकच ठेवू नये. घाटावरील कुंडात नदीचे पाणी येते, ते दर पौर्णिमेस पाहावे, आणि पाणी भरले असेल तर आज्ञापत्रास जाड अक्षरांचे पितळी ठसे लावावे, उतरले असेल तर बारीक, आणि शिक्क्यातील लाटही तैसीच चढावी, उतरावी, म्हणजे निरक्षर रयतेसही नदीची प्रकृती कळेल. महाराज बहुत संतोष पावले आणि मग नेम करविला की, अक्षर बारीक होताच राजबागेचा पाट बंद करून पाणी खालच्या गावांस सोडावे.

पुढे वैशाखमासी नदी आटली, कुंड कोरडे पडले, आणि खालचे लोक अक्षर बारीक होण्याची वाट पाहू लागले. तो त्रिमलपंत अमात्य यांनी काय करावे? राजबागेतील कारंजी बंद होतील म्हणोन पखालजी बोलाविले, आणि त्याच गावांच्या विहिरी उपसून कुंड काठोकाठ भरविले! आणि मग जाड ठशांनी आज्ञापत्र काढिले की, नदी सुखरूप आहे. काय हा निलाजरेपणा! लिहिताना अंगाची लाही होते.

सटवोजी कुंडावर धावत आले आणि बोलिले, "पंत, माझ्या अक्षराला खोटं बोलायला लावलंत!"

पंत म्हणाले, "अहो, कसं भरदार दिसतंय! तुम्हांस आणखी काय पाहिजे?"

तो खालच्या गावची नेमाई भोईण रिकामा हंडा घेऊन पुढे झाली. "आमची हीर हितं आणून वतली व्हय? मेल्यांनो, लेकरांच्या तोंडचं पानी काढून दगडाला पाजता?" ऐसे म्हणोन तिने हंडा बुडविला, आणि मग मागील साऱ्या बाया उतरल्या, आणि सटवोजीही पागोटे कमरेस गुंडाळून हंडे भरू लागले, आणि कुंडाचा तळ दिसला.

आता बारीक ठसे लावणे प्राप्त होते. पंतांनी ते मागविले, सर्वांदेखत मुशीत वितळविले, आणि त्या पितळेची राजबागेतील कारंज्यास नवी तोटी करविली. सटवोजींस हद्दपार केले.

एवंच, दरबार सुरळीत चालला, अक्षर अद्याप गुटगुटीत आहे, आणि आज्ञापत्रे दर पौर्णिमेस खालच्या गावांत ओस घरांच्या दारांवर डकविली जातात.