आभारी आहोत, तूर्त नको

बापटकाका रोज सकाळी दुकान उघडायचे, उदबत्ती लावायचे, कॉम्प्युटर सुरू करायचे आणि मग त्या कॉम्प्युटरला नाही म्हणायचे. पडद्यावर निळी पाटी यायची : आपल्यासाठी नवी सिस्टिम तयार आहे, आत्ता घ्यायची का? काका चष्मा बदलून ती पाटी अथपासून इतिपर्यंत वाचायचे, तिच्यातल्या मराठीला नावं ठेवायचे आणि मोठ्याने म्हणायचे, "आभारी आहोत. तूर्त नको." मगच 'नंतर' या बटणावर टिचकी मारायचे. काही न बोलता नुसतं बटण दाबणं त्यांना असभ्य वाटायचं.

खडकी बाजारातल्या आमच्या इमारतीत तळमजल्याला त्यांचं डीटीपीचं दुकान आहे आणि मागच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड. मी वरच्या मजल्यावर राहते, शाळेत मराठी शिकवते. माझ्या प्रश्नपत्रिका वर्षानुवर्षं तिथेच टाइप होत आल्या. बाकी लग्नपत्रिका, दशक्रियेची कार्डं, कारखान्यातून निवृत्त होणाऱ्यांची मानपत्रं. हल्ली मानपत्र कोण करतं म्हणा, पण खडकीत अजून करतात.

काकांना नवीन काहीच नको असायचं असं मात्र नाही. एका गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हमधून व्हायरस शिरला आणि ऐन लग्नसराईत सगळ्या पत्रिका गिळून बसला. तेव्हापासून सुरक्षेचे अपडेट ते रोजच्या औषधासारखे न चुकता घ्यायचे. भीती एवढीच, की त्यांच्या आडून ती नवी सिस्टिम आत यायची.

"मेथी मागितली की भाजीवाला पिशवीत मुळा सरकवतो, बाई. मेथी घेऊ. मुळा घेणार नाही."

म्हणून प्रत्येक अपडेटची ते झडती घ्यायचे. अडलं की जिन्याखालून हाक यायची. "बाई, 'संचयी' म्हणजे काय हो?"

"साठत गेलेलं."

"मग साठलेल्यात काय काय आहे ते सांगायला काय होतं यांना?"

माझा धाकटा भाऊ हिंजवडीत नोकरीला आहे. तो एकदा उत्साहाने समजवायला गेला. "काका, तुमच्या सिस्टिमचा सपोर्ट बंद होणारे. सिक्युरिटी अपडेटसुद्धा येणार नाहीत. अपग्रेड करून टाका ना, फ्री आहे."

"वय काय तुमचं?"

"एकोणतीस."

"चालायचंच. या वयात फुकटचं सगळं चांगलं वाटतं."

भाऊ वर येऊन म्हणाला, "ताई, म्हातारा भलताच हट्टी आहे." मलाही तसंच वाटायचं. खरं कारण काकांनी कधी सांगितलं नाही. ते माझं मलाच हळूहळू कळलं.

दुकान नावाला काकांचं. टाइप करायच्या त्या निर्मलाकाकू. काका मजकूर सांगणार, काकूंची बोटं चालणार आणि शेवटी काका सगळं वाचून दाखवणार, हा त्यांचा संसार. काकूंची दृष्टी मधुमेहात गेली. स्वयंपाक सुटला, बाहेर जाणं सुटलं, वाचन तर सुटलंच. टाइप करणं तेवढं राहिलं, कारण ते डोळ्यांनी कधी केलंच नव्हतं. त्यांची बोटं ज्या प्रोग्रॅमवर बसली होती तो फार जुना. त्याच्या अक्षरांच्या जागा जगावेगळ्या, आणि बनवणाऱ्याने धंदा कधीच गुंडाळलेला. नव्या सिस्टिमवर तो उघडत नाही, हे काकांनी दुसऱ्या एका दुकानात डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणजे दुकान काही अडलं नसतं. काकूंच्या हातून मात्र शेवटचं काम गेलं असतं.

आणि एका सकाळी, निळी पाटी पडद्यावर असतानाच, आत काहीतरी पडल्याचा आवाज आला. काकू उंबऱ्याला अडखळून पडल्या होत्या. काका धडपडत उठले आणि उठता उठता टिचकी भलत्याच बटणावर पडली. काकूंच्या गुडघ्याला मलम लावून ते बाहेर आले, तोवर पडद्यावर आकडे चढायला लागले होते. त्यांनी आभार मानले नाहीत. मी शाळेत जायला निघाले होते. मला बघून म्हणाले, "बाई, हे थांबवता येतं का हो?" मला येत नव्हतं.

रविवारी भाऊ आला. अख्खी दुपार खपला. जुनी सिस्टिम त्याने परत आणली, पण तो प्रोग्रॅम काही उघडेना. पुन्हा टाकावा तर त्याची मूळ सीडी बुरशी लागून गेली होती. भाऊ जाताना जिन्यात मला म्हणाला, "ताई, मी त्यांना उगाच हट्टी म्हटलं." काकांनी काकूंना काय सांगितलं, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

नंतर सहामाहीची प्रश्नपत्रिका घेऊन मी खाली गेले, ती काही तरी बोलणं काढावं म्हणून. बघते तर काकू की-बोर्डपुढे बसलेल्या.

"या बाई. द्या कागद," काका म्हणाले आणि नेहमीसारखे सांगू लागले. काकूंची बोटं सरसर चालली. मी मागे जाऊन उभी राहिले. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, कंस, सगळ्याचा नुसता काला येत होता. एक मराठी शब्द नव्हता. काका माझ्याकडे न बघता सांगत राहिले. पाच प्रश्न झाल्यावर त्यांनी मान पडद्याकडे वळवली आणि हातातल्या कागदावरून सगळं वाचून दाखवलं.

"तिसऱ्यात 'किंवा' राहिलं."

"राहिलं? मी मारलं होतं."

"राहिलंय."

काकूंनी 'किंवा' मारलं आणि भिंतीला हात लावत पाणी प्यायला आत गेल्या.

"त्यांची चूक नव्हती," मी हळूच म्हणाले.

"एकही चूक काढली नाही, तर तिला वाटेल मी वाचतच नाही." काका कागदाची घडी घालत होते. "तुमची प्रश्नपत्रिका मी स्टेशनजवळच्या पोराकडून करून आणतो. उद्या मिळेल. सगळं तिथूनच करून आणतो आता."

मी काही बोलणार तोच काकू परत आल्या आणि खुर्ची चाचपून बसल्या.

"एवढेच? सहामाहीला सहा प्रश्न असतात यांचे."

पाचच होते. काकांनी घडी उलगडली, कोऱ्या बाजूकडे बघत राहिले आणि म्हणाले, "प्रश्न सहावा. आपल्या शेजाऱ्यांविषयी आठ ओळी लिहा."

"गुण किती?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं.

"दहा," मी म्हणाले, आणि काकू टाइप करू लागल्या.