हलगीशिवाय कुस्ती नाही

आमच्या प्रयोगशाळेतल्या नाकाच्या पेशींनी सकाळीच कळवलं, की हलगी वाजल्याशिवाय त्या विषाणूशी लढणार नाहीत.

पेशी हिंदुराव मगदूम वस्तादांच्या. त्यांची उभी हयात कोल्हापुरातल्या तालमीत गेली, आता गुडघे साथ देत नाहीत. त्यांच्या नाकातून घेतलेल्या पेशी आम्ही तबकडीत वाढवल्या आणि त्यांच्यावर सर्दी-तापाचा विषाणू सोडला. पेशींनी प्रतिकार सुरू केला, की पडद्यावर हिरवा रंग दिसायला हवा. पण कसलं काय! पेशी ढिम्म. शेवटी मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, तेव्हा त्यांचं बोलणं स्वच्छ ऐकू आलं.

"जोड न बघता कुणालाबी अंगावर सोडताय व्हय? सलामी न्हाई, हलगी न्हाई. ही कुस्ती हाय का मारामारी?"

मला पटलं. आमचे संचालक डॉ. उपासनी यांना पटेना.

"इथे वाद्य वाजणार नाही. संध्याकाळपर्यंत हिरवा रंग दिसला नाही, तर तबकड्या टाकून द्या. प्रकल्प बंद."

माझं तर डोकंच फिरलं! दोन वर्षं मी त्या पेशींना लेकरांसारखं जपलं होतं. "सर, नियमावलीत हलगीला बंदी कुठाय, तेवढं दाखवा," मी म्हटलं. सरांनी नियमावली उघडली. खाणंपिणं, चपला आणि पाळीव प्राणी यांना बंदी होती. हलगीचा उल्लेख नव्हता.

"ठीक आहे," सर म्हणाले. "पण जाळ करायचा नाही."

हलगी शेकल्याशिवाय खणखणत नाही. म्हणून वस्तादांच्या तालमीतले हलगीवाले बाजीराव आवळे यांना बोलावून त्यांची हलगी आम्ही काचसामान वाळवायच्या ओव्हनमध्ये ठेवली. तोवर मी जोड लावायला घेतली. पहिला विषाणू पेशींना फार जड वाटला. मी तो पातळ केला. तेव्हा त्या म्हणाल्या, हा तर पोरगा हाय. पुन्हा थोडा दाट केला. "आता बरोबरीचा," पेशी म्हणाल्या, आणि विषाणूनेही हरकत घेतली नाही.

काचेच्या भिंतीपलीकडे वस्ताद खुर्चीत बसले. बाजीरावांनी हलगीवर टिपरी मारली मात्र, पेशींनी शड्डू ठोकला!

काय कुस्ती झाली म्हणून सांगू! विषाणू आत घुसला, पेशींनी त्याला तिथंच धरला. पडद्याच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका उमटला, मग दुसरा, मग सगळा पडदा हिरवागार. मी ओरडत होते, बाजीराव घामाघूम झाले होते, आणि उपासनी सर खुर्चीवर चढून किंचाळत होते, "मान धरा, मान!"

"साहेब, इषाणूला मान नसती," वस्ताद म्हणाले.

विषाणू चितपट झाला. वस्तादांचे डोळे भरून आले. "गुडघं गेलं माझं," ते म्हणाले, "पर नाक अजून आखाड्यात हाय." मीही रडले, उगाच कशाला लपवू?

प्रकल्प चालू राहिला. सर खाली उतरले, शर्ट खोचला आणि म्हणाले, "माझ्याही नाकातल्या पेशी घ्या. लगेच."

त्या घेतल्या, वाढवल्या. सरांच्या पेशींनी पहिल्याच दिवशी सांगितलं, की त्या लढणार नाहीत, पंच म्हणून बसतील. त्यांची तबकडी आम्ही मधल्या फळीवर ठेवली. आता त्यांनी शिट्टी दिल्याशिवाय आम्ही कुठलाच विषाणू सोडत नाही.